दोरीवरचा हवालदार आणि दर्भाचा कावळा

प्रिय आक्का,

हे पत्र नियम विचारायला लिहितोय, रडायला नाही. रडायचं काम तुझ्या मुक्तानं आणि आपल्या खेळातल्या बिरूनं आपसांत वाटून घेतलंय, आणि दोघंही ते व्यवस्थित पार पाडतायत.

उद्या रविवार. मुक्तानं मला न विचारता श्रोत्यांच्या गटावर जाहीर करून टाकलं, की उद्या खेळ होणार आणि आईच्या खुर्चीवर मामा बसणार. मी अजून हो म्हटलेलं नाही. तरी आज सकाळी सांगलीच्या त्या हळदीच्या पेठेतल्या वहिनींनी गटावर प्रश्न टाकला, 'मामा खुर्चीवर बसले, तर त्यांच्या हवालदाराचा फासा टाकणार कोण?' झालं! दुपारपर्यंत गटावर नुसती जुंपली होती.

आपल्याकडे याला नियमच नाही. तू होतीस तोवर तो लागलाच नाही. खुर्ची तुझी, फासे आमचे, असं चाललं होतं. आता अडल्यावर मी विचारू कोणाला? सवयीनं तुलाच विचारतोय.

हा खेळ तू मला पहिल्यांदा कसा समजावलास, आठवतं? तू शाळेतून निवृत्त झाली होतीस, मी फौजेतून. पलटणीत सगळा जन्म कारकुनी केलेला माणूस मी, पत्त्यांपलीकडे कधी गेलो नव्हतो. मुक्ता पुण्याहून वीस बाजूंचा फासा घेऊन आली आणि तू म्हणालीस, "दत्त्या, एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली मानसं व्हायचं. काय करणार ते तुमी बोलायचं. जमलं का न्हाई, ते फासा सांगंल."

मी विचारलं, "मग जिंकतं कोण?"

शेवटच्या बाकावरच्या पोराकडे बघत असशील, तशी तू माझ्याकडे बघत राहिलीस. उत्तर मात्र दिलं नाहीस. ते अजून बाकी आहे!

आणि एक तक्रार आहे, ती आजच करून टाकतो. मी फौजेतून हवालदार म्हणून बाहेर पडलो. खेळात मला काय व्हायचंय ते विचारलंस, मी म्हटलं सुभेदार. तू म्हणालीस, "हवालदारच हो. बोलायला सोपं जाईल तुला." सुभेदार केलं असतंस तर तुझ्या गोष्टीतल्या त्या राजा नसलेल्या गडाचं काय बिघडणार होतं? पण नाही. हवालदार खंडोजी झालो आणि तोच राहिलो.

आपलं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरून व्हायचं. तुझ्या त्या 'जमलं, पण' वरून! बारा हवे असताना फाशावर दहा पडले, तर माझ्या हिशेबानं विषय संपला. चुकलं म्हणजे चुकलं. तू मात्र खुर्चीत जरा पुढे सरायचीस, चष्मा कपाळावर चढवायचीस आणि म्हणायचीस, "जमलं, पण…" दार उघडलं, पण किल्ली आत मोडली. नदी ओलांडली, पण घोडं पलीकडेच राहिलं. मी चिडून म्हणायचो, ही काय शाळा आहे का, वरचे गुण द्यायला? त्यावर तुझं ठरलेलं, "आरं, गोष्ट अडता कामा न्हाई. किंमत घ्यायची आन् पुढं सोडायचं."

गटावर यावरून दोन तट पडले होते, हे तुला माहीत आहे. तू रोज सकाळी चहाबरोबर ते वाचायचीस आणि मला वाचून दाखवायचीस. हळदवाल्या वहिनी तुझ्या बाजूच्या, वाईचे ते निवृत्त पोस्टमास्तर माझ्या. मुक्तानं आपला खेळ ध्वनिमुद्रित करून 'आक्काचा फासा' या नावानं सोडायला सुरुवात केली, तेव्हा मला वाटलं होतं, चार माणसांचं बसून बडबडणं कोण ऐकणार? लोक ऐकायला लागले. नियमांवर हमरीतुमरीवर यायला लागले. मागे वाजणाऱ्या कुकरच्या शिट्ट्यांवर पैजा लावायला लागले! मी म्हणायचो, कुकर तरी बंद कर. तू म्हणायचीस, "मग जेवायचं काय, फासं?"

एकदाच तू फासा टाकू दिला नाहीस. बिरूच्या धनगराची म्हातारी आई आजारी पडली होती, गोष्टीतली. मी म्हटलं, नियमाप्रमाणे फासा टाकू, जगते का मरते बघू. बिरूची खरी आई त्याच महिन्यात दहिवडीला अंथरुणाला खिळली होती. तू फासा उचलून पदराखाली ठेवलास आणि म्हणालीस, "ज्याचं कायबी उत्तर आलं तरी आपल्याला चालंल, त्यालाच फासा टाकायचा. ह्याला न्हाई." मी तेव्हा वाद घातला नाही. पटलं म्हणून नव्हे, तुझा चेहरा बघून.

आता त्या शेवटच्या रविवारचं.

बिरूची मेंढी गडावरच्या विहिरीत पडली आणि खंडोजी दोरीला धरून खाली उतरला. वर विहिरीवर पाणी ओढायला आलेली एक म्हातारी होती, तिनं दोरी धरली. त्या म्हातारीला तू आपल्या आत्याचा आवाज दिला होतास. "धरलीया रं बाबा, यं तू वर," असं तू बोललीस आणि मला क्षणभर आत्याच्या ओसरीतल्या चुलीचा वास आला. मेंढी खांद्यावर, दोरी दगडाला घासतेय. तू म्हणालीस, "बारा पायजेत." मी फासा मुठीत हलवला. आणि तू हात आडवा केलास.

"थांब. ठिव खाली. आजचं हितंच."

मुक्तानं तुला डोळ्यानं खूण केली होती, मी पाहिलं. भाग असाच संपवायचा, म्हणजे लोक आठवडाभर बोलत राहतात. मी वैतागलो. म्हटलं, "आक्का, माणूस लटकतोय, आणि तू दुकान बंद करतेस?" तू हसत चहा ठेवायला उठलीस. "म्हातारी दोरी धरून हुबी हाय की. कुटं जातीया ती?"

आणि त्याच बुधवारी तू गेलीस. दुपारी जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस. आता याला काय म्हणायचं, आक्का? असं अर्ध्यावर कोण सोडतं?

गटावर आधी सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. मग कोणीतरी भीत भीत विचारलंच, 'हवालदाराचं काय?' पोस्टमास्तर म्हणाले, खेळ चालवणारा गेला की डाव रद्द. एकाचं म्हणणं, हवालदाराला तसाच लटकता ठेवा, आक्कांची आठवण म्हणून. म्हणजे मी जन्मभर विहिरीत! आणखी एकानं लिहिलं, जुने भाग मशीनला ऐकवले तर ते आक्कांचा आवाज हुबेहूब काढून देईल. मुक्ता फोन ठेवून आत निघून गेली. बिरूनं टाइप केलं, 'आक्काच्या आवाजाला कुनी हात लावायचा न्हाई.' त्यावर मी अंगठा दिला. मला बरं लिहिता येत नाही.

दहाव्याला माहुलीच्या संगमावर सगळे जमलो. पिंड ठेवला. कावळे होते, पण पलीकडच्या झाडावरून हलेनात. तुझ्या पुतण्यांनी सांगितलं, मुक्ताकडं आम्ही बघू. कावळे तिथंच. तुझ्या जाऊबाई म्हणाल्या, तुमची तुळस सुकू देणार नाही. कावळे तिथंच. मग बिरू पुढे झाला, हात जोडून सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाला, "आक्का, फासा बंद पडनार न्हाई. हवालदार बसतील खुर्चीवर."

भावकीतल्या म्हाताऱ्या तात्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "कसला फासा रं? सुशी जुगार खेळत हुती व्हय?"

आक्का, दहाव्याला हसू येणं बरं नाही, पण आलं. तू असतीस तर तुला उचकी लागेपर्यंत हसली असतीस. हसू ओसरलं तेव्हा लक्षात आलं, बिरू, मुक्ता, सगळे माझ्याकडे बघतायत. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. मला ते म्हणता आलं नाही. नियम सांगणं वेगळं आणि गोष्ट सांगणं वेगळं. जन्मभर साहेबानं सांगितलेलं टाइप करत आलेला माणूस मी. मी कुठून गोष्ट आणू?

माझा 'हो' आला नाही, आणि कावळाही आला नाही. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. सगळे उठले, हातपाय धुवायला गेले. मी मात्र तिथंच थांबलो. तू मला ओळखतेस. मी गुरुजींना विचारलं, "हे चालतं? नियमात बसतं?"

"बसतं की," गुरुजी पळी पुसत म्हणाले. "काम अडून कसं चालेल? झालं म्हणायचं. पण जी काय इच्छा राहिली असेल, ती आता तुमच्या अंगावर."

झालं, पण!

मागे मुक्ता पाणी घेऊन उभी होती. तिनंही ऐकलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ज्या नियमावरून मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडलो, तोच नदीकाठी माझ्यावर लावला गेला. मला तुझा राग आला. मग तू आता रागावायला समोर नाहीस याचं फार वाईट वाटलं. ते अजूनही वाटतंय. इथं लिहून ठेवतो, कारण तोंडानं सांगायला मला जमणार नाही.

त्या दिवसापासून मी अंघोळ करताना, भाजी आणताना 'जमलं, पण' च्या पुढचं म्हणून बघतोय. मुक्तानं काल तुझ्या खुर्चीवरची उशी उन्हात टाकली आणि माझ्यासमोर परत नेऊन ठेवली. स्वभाव तुझाच.

तर आता ऐक. हळदवाल्या वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडून येणार नाही हे मला कळतं. म्हणून मीच नियम करतोय, आवडला नाही तर स्वप्नात येऊन भांड. खुर्चीवर बसलेल्यानं स्वतःच्या माणसाचा फासा टाकायचा नाही. उद्या खंडोजीचा फासा मुक्ता टाकेल. बारा किंवा वर पडले तर हवालदार मेंढीसकट धड वर येईल. कमी पडले तर मी जरा पुढे सरेन आणि म्हणेन, 'जमलं, पण मेंढी गेली.' बिरू रुसेल. रुसू दे.

पण म्हातारीचं काय करायचं? तिचा आवाज मला काढता येत नाही. मुक्ताला विचारलं, तिनं मानेनंच नाही म्हटलं. बिरूला तर विचारायचीही सोय नाही. मग उठून फासा उचलला आणि डब्यात ठेवला. ह्याला फासा नाही.

हे तुला वचन म्हणून देतो. उद्या मी खुर्चीवर बसेन. कुकर चालू ठेवेन. आणि मुक्ताच्या फाशावर काहीही पडो, खंडोजी काठावर हात टेकून वर येईल तेव्हा विहिरीवर कोणी नसेल. कळशी नसेल, म्हातारी नसेल. मी साध्या आवाजात एवढंच सांगेन, की जायच्या आधी तिनं दोरी खांबाला नीट गाठ मारून बांधून ठेवली होती.

तुझा धाकटा,
(अजूनही हवालदारच)
दत्तू