स्लाइडवरच्या गुलाबी काड्या

प्रिय ठमे,

फोनवर आपण 'जेवलीस का, औषध घेतलंस का' याच्यापुढे जातच नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. मी बरी आहे. आजकाल स्वयंपाक एकदाच करते आणि उभ्या उभ्याच संपवते. समोर बसायला कुणी नसलं की ताट मांडायचा कंटाळा येतो. घरात माझा आवाज मीच ऐकते, तोही कधी बशी हातातून निसटली तर 'अगं बाई' एवढाच. प्रयोगशाळेत दिवस निभतो. तिथे निदान मशीन तरी घरघरत असतं.

गेल्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला नर्सच्या वर्गापुढे उभं केलं. विषय जिवाणूंच्या विषांचा. बत्तीस वर्षं जंतू रंगवून बघतेय, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी बोबडी वळते, तुला ठाऊकच आहे. तरी सांगितलं. काही जंतू जिवंतपणीच विष तयार करून बाहेर सोडतात. धनुर्वाताचं तसंच, जंतू जखमेत बसून राहतो, विष पार नसांपर्यंत पोचतं. त्याच्यावर लस तरी निघाली. बिघडलेल्या अन्नातलं एक विष तर खाण्याआधीच तयार असतं. दोन-चार तासांत उलट्या सुरू होतात, ताप बहुधा नसतो, आणि बहुतेक माणसं दिवसाभरात उठून बसतात. दुसरी जात वेगळी. तिथे विष जंतूच्या सालीचाच भाग असतं. जंतू मेला, फुटला की ते मोकळं होतं. रक्तात झालं तर हुडहुडी भरते, ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. एक वयस्क नर्स म्हणाली, "म्हणजे मॅडम, उलटी दोन्हींत होऊ शकते, पण आधी ताप होता का ते विचारायचं?" मी हो म्हटलं. पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आले, ती परत गेलेच नाही.

आता अकरा महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारचं. तू बाबांसाठी क्रीमचा केक करून आणलास. मला साखरेचं पथ्य, तुझं पोट भरलेलं, म्हणून कापलेले दोन्ही तुकडे त्यांनीच खाल्ले. तू गेलीस आणि संध्याकाळी त्यांना उलट्या झाल्या. सोमवारी इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी केक म्हटलं. "मग खाण्यातूनच झालं असणार," ते बोलून गेले. तू दारात उभी होतीस. तुझा चेहरा पांढराफटक पडला, तो मी पाहिला. बुधवारी बाबा गेले.

ठमे, ते खाण्यातून नव्हतं. मंगळवारी त्यांच्या रक्ताची स्लाइड मीच रंगवली. केक बिघडवणारा जंतू जांभळ्या घोसासारखा दिसतो. मला दिसल्या गुलाबी काड्या, सालीत विष असणाऱ्या त्या दुसऱ्या जातीच्या. लघवीतही त्याच निघाल्या. मूतखड्यापाशी सुरू झालेलं दुखणं रक्तात उतरलं होतं. डॉक्टरांनी तसं मला स्पष्ट सांगितलं. तुला सांगायचं काम माझं होतं.

ते मी केलं नाही, कारण मग तू पुढचं विचारलं असतंस. ताप कधीपासून होता? शनिवारी सकाळपासून. हुडहुडीने त्यांचे दात वाजत होते. लघवीला जळजळ तर त्याच्याही आधीची. आणि मी, हेच काम करणारी बाई, त्यांना तापाची गोळी देऊन, अंगावर दुसरं पांघरूण घालून कामावर निघून गेले, नमुने खोळंबले होते म्हणून. रविवारी जरा उतार पडला तेव्हा ते म्हणाले, "पोरीला सांगू नकोस, उगाच घोर लावून घेईल." त्या शब्दांच्या आड मी अकरा महिने लपले.

काल जावईबापूंचा फोन आला. म्हणाले, आई, ती आता घरात काहीच शिजवत नाही, डबा बाहेरून येतो. लेकीने 'तुझ्या हातचं दे' म्हटलं की आत जाऊन रडते. फोन ठेवला आणि कपाटातून बाबांचा रिपोर्ट काढला. म्हणून हे पत्र. सोबत रिपोर्ट जोडलाय, खाली सही माझीच आहे. तुझ्या हातून काहीही वाईट झालं नाही. लवकर नेलं असतं तर बाबा वाचले असते का, मला माहीत नाही. पण न्यायला हवं होतं मी, तू नव्हे. माझा राग येईल तो येऊ दे. इथे येऊन बोल, वाटलं तर अजिबात बोलू नकोस. पण आज पोरीसाठी चूल पेटव.

तोंड दाखवायला लाजणारी, तरी तुझीच,
आई