जुनं इंजिन खोललं तेव्हा

दाभोसा,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

सावळ्या,

रामराम. इकडे सगळी बेस आहेत. तू, तुळशी, लेक-सून सगळी बेस असाल असं धरून चालतो, कारण विचारायला फोन केला तर तू उचलत नाहीस. चार वेळा केला. पाचव्यांदा फोन हातात घेतला तेव्हा कोंडी म्हणाली, "पत्र लिहा. कागद तरी तोंडावर कापता येत नाही." बायको सांगते ते ऐकायला मी म्हातारपणीच शिकलो, म्हणून लिहितो आहे. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. शाळा दुसरीत सुटली, पुढचं सगळं गाड्यांच्या पाट्या वाचून शिकलो. कुठे काना-मात्रा घसरली तर धक्का मारून घे.

पहिली बातमी. आपली जीप सुरू झाली.

हो, तीच. चाक तुझ्याकडे आणि पाना माझ्याकडे, असं धरून वीस वर्षं आपण दाभोसा-जव्हार फेऱ्या मारल्या, ती. अकरा वर्षं माझ्या घरामागे आंब्याखाली उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. कोंडी तिला खुराडंच म्हणायची. "खुराड्यातून दोन अंडी आणा" म्हटलं की मी दार उघडायचो, तू बसायचास त्या बाजूचं. ते अजून उचलूनच उघडावं लागतं.

झालं असं की पावसाळ्याच्या तोंडी एक पिकअप घाटात उलटली. माणसं वाचली, गाडीचं तोंड चेपलं, पण इंजिनाला ओरखडासुद्धा नाही. जव्हारला उमेश म्हणून एक गॅरेजवाला आहे, तुझ्यानंतरचा. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. त्याने निरोप धाडला, "बाबा, तुमच्या खुराड्याला काळीज मिळालंय." इंजिन आपल्या गाडीपेक्षा पंधरा वर्षांनी तरुण, पण जुन्या वळणाचं. संगणकाची नाटकं नाहीत. मी म्हटलं, आण.

म्हाताऱ्याच्या घरात तरुण सून यावी तसं झालं. पहिल्या दिवशी कशालाच कसलं जुळेना. आंब्याच्या फांदीला साखळी-पुली बांधून जुनं इंजिन उचललं, नवं खाली सोडलं, तर ज्या पट्ट्यांवर इंजिन बसतं त्यांच्या भोकांत बोटभर फरक. पट्ट्या कापून पुन्हा जोडल्या. मग खालचं तेलाचं चेंबर पुढच्या धुरीला टेकायला लागलं. इंजिन दोन बोटं वर घेतलं, तर पंखा रेडिएटरला घासायला लागला. रेडिएटर पुढे सरकवला, तर बॉनेट बसेना. एकाची समजूत काढावी तर दुसरा रुसलेला. उमेश म्हणतो, "बाबा, हे लग्न कुणी ठरवलं?" गिअरबॉक्स जुनाच ठेवला. दोघांच्या मध्ये लोखंडी प्लेट तासून घातली. ती तासायला तीन दिवस गेले. नवव्या दिवशी मी सेल्फ मारला आणि गाडी अशी सुरू झाली की कोंडी शेजारी उभी राहून विचारते, "झाली का सुरू?" एवढा गुळगुळीत आवाज. कोंबड्या मात्र अजून रुसल्यात.

कागदांवरही नवा इंजिन नंबर चढवून घेतला. नाहीतर रस्त्यात पोलीस विचारायचा, हे काळीज कुणाचं आणलंस.

जुनं इंजिन उमेशने खोललं. त्याचं पुढे लिहितो.

हळवं भात कापून झालं. नागली यंदा जोरात आहे, कणसं अशी वळलीत की मूठ आवळल्यासारखी. तुझ्याकडे खोडाळ्याच्या बाजूला पाऊस जास्त झाला म्हणतात. तुझा संदीप मास्तर झाला हे ऐकून कोंडीने साखर वाटली. साखरेचं तुला कुणी सांगितलं नसेल.

आता कामाचं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गाडी वाघोबापुढे न्यायची आहे. आपल्या पाड्याची रीत तुला मी काय सांगू? नारळ फोडेल त्यानेच पहिली फेरी मारायची. ती तू मारावीस. माझे गुडघे क्लच दाबताना गाडीपेक्षा मोठ्याने वाजतात, हे एक कारण आहे.

जुन्या इंजिनाचं लिहायचं राहिलं. कागद संपला.

तुझा
ढवळू


दाभोसा,
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

सावळ्या,

तुझा कागद लक्ष्याच्या जीपमधून पोचला. तुझ्या सुनेचं, पुष्पलताचं अक्षर मोत्यासारखं आहे, पण बोल तुझेच. "ज्याने इंजिन खाल्लं त्याला दुसरं कशाला दाखवतोस?" एवढंच. खाली रामरामसुद्धा नाही. मी वाचून कोंडीला दिला. तिने घडी घालून परत माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आता पुरेल एवढा कागद घ्या."

मागच्या वेळी कागद संपला नव्हता. मागची बाजू कोरी होती, तू पाहिलीच असशील.

तर ऐक. उमेशने जुनं इंजिन उलटं करून चेंबर काढलं. मी समोर दगडावर बसलो होतो. तेल ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी असते ना, त्या जाळीला चिंधी गुंडाळलेली होती. काळी, घट्ट, वर गाठ मारलेली. उमेश माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, हे कुणी बांधलं? अशाने तेल वर चढणार कसं?" कोंडी पाणी घेऊन आली होती. तिने चिंधी बोटाने पुसली, आत हिरवा काठ दिसला. म्हणते कशी, "अगं बाई, हा माझ्या लुगड्याचा काठ! आणि मी त्या शेळीला किती मारलं होतं!"

गाठही माझीच. रोपाच्या मुठीला मारतो ती. ती दुसऱ्या कुणाची म्हणायची तर खोटं बोलायलाही तोंड पाहिजे.

तुला माझी सवय ठाऊक आहे. इंजिनाचं उघडं तोंड दिसलं की मी चिंधी बांधायचो, धूळ जाऊ नये म्हणून. तू हसायचास, म्हणायचास, "ढवळूदा, गाडी आहे की बाळंतीण?" नवशीच्या पोरीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी चेंबर गळत होतं, म्हणून मी उतरवलं. जाळीला चिंधी बांधली. चेंबर पुसलं, नवं पॅकिंग लावलं, बोल्ट आवळले. चिंधी आतच राहिली.

आणि दुसऱ्या दिवशी तू वऱ्हाड घेऊन साखरशेतला निघालास. चढावर इंजिन जाम झालं. नवरी उतरली, करवल्या उतरल्या, सगळं वऱ्हाड पायी. तिकडे मांडवात लग्न लावणारी धवलेरी बाई गाणी संपवून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली, तरी नवरीचा पत्ता नाही. मी मागून मोटारसायकलवर आलो. तू म्हणालास, "मी सकाळी काडी बुडवून बघितली होती. तेल पुरतं होतं." तुझा शब्द न् शब्द खरा होता. चेंबर भरलेलंच होतं. तेल वर चढत नव्हतं. तेलाचा काटा तर मेलेलाच, आणि तो बदलायचं कामही माझंच होतं. पण मी शंभर माणसांत ओरडलो, "तेल होतं, तर मग भूक लागली म्हणून इंजिन तूच खाल्लंस का?" लोक हसले. त्या दिवसापासून तू इंजिनखाऊ झालास. कुणी तुझ्या हातात गाडी देईना. दोन वर्षांनी तू सासुरवाडीला मोखाड्याकडे गेलास आणि एवढा बेस ड्रायव्हर डोंगरावर नागली पेरायला लागला.

इथवर लिहून मी पत्र बंद करणार होतो. चूक झाली, हातून राहिलं, माफ कर, एवढं पुरलं असतं. कोंडी म्हणते, "पुरलं असतं, पण खरं झालं नसतं."

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी चिंध्यांची पिशवी आवरत होतो. तेव्हा आठवलं. बांधलेली आठवली, सोडलेली आठवेना. हात तसाच राहिला. चेंबर उतरवायला तासभर पुरला असता. तू तेव्हा इथेच होतास, तीन घरं सोडून. मी नाही उतरवलं. लोकांना सांगत राहिलो, पैसे नाहीत, वेळ नाही, जुनी गाडी आहे, पडू दे. अकरा वर्षं ती पैशांवाचून उभी नव्हती, सावळ्या. मला ते चेंबर उघडायचं नव्हतं. न उघडता मला अर्ध्या खात्रीने सांगता यायचं की चूक तुझी. उरलेल्या अर्ध्याने जेवण गोड लागायचं नाही.

मग आता का उघडलं? सत्तरीला आलो. मी गेल्यावर कुणीतरी खोललंच असतं, आणि मग चिंधी बोलली असती, मी नाही.

आता परवाचं सांगतो. वाघबारशीला सगळा पाडा वाघोबाच्या दगडाशी जमला. गाडीला झेंडूचा हार. सुकऱ्या भगताने नारळ माझ्या हातात दिला. मी तो परत त्याच्याच हातात ठेवला.

"काय रे ढवळू, हात दुखतो का?"

"हात नाही. हा नारळ माझा नाही."

आणि सांगितलं. चिंधी, गाठ, तिसरा दिवस, सगळं. आवाज बरा निघाला. नवशी म्हातारी काठी आपटत पुढे आली.

"म्हणजे माझी पोर तुझ्यामुळे चालत सासरी गेली?"

"हो."

"आणि आम्ही अकरा वर्षं त्या सावळ्याला शिव्या दिल्या त्या?"

"त्या माझ्या होत्या, मावशी."

"मग आता त्या सगळ्या तुला पहिल्यापासून द्याव्या लागतील. बस खाली, उभ्याने संपायच्या नाहीत."

आणि दिल्या, सावळ्या! म्हातारीची स्मरणशक्ती बघून भगतसुद्धा तोंड फिरवून हसत होता. पोरांतल्या लाडक्याने तिथेच मला इंजिनखाऊ म्हणून हाक मारली. मी ओ दिली. आता पाण्याला चाललो तरी पोरं तीच हाक मारतात. खोटं कशाला सांगू, बरं वाटतं. ज्याचं त्याला पोचलं. त्या दिवशी घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. कोंडी म्हणाली, "इंजिनावर भागलं नाही वाटतं."

नारळ भगताकडेच आहे. तो म्हणतो, सावळा येईल तेव्हा फोडेल, नाही आला तर वाघोबाला घाई नाही.

पण हे सगळं दाभोशात झालं. तुझं नाव खराब झालं ते तुझ्या मागोमाग तिकडेही पोचलं असणार. सासुरवाडीच्या माणसांनी जावयाबद्दल ऐकलेलं ते विसरत नाहीत. ते इथे बसून पुसलं जाणार नाही, आणि पत्राने तर नाहीच. पत्र तू एकटा वाचशील, फार तर पुष्पलता वाचून दाखवेल. म्हणून पाडव्याच्या दिवशी सकाळच्या एसटीने मी निघतो. जव्हारला बदलून खोडाळ्याला, तिथून पायी. तुझ्या पाड्यावर चार माणसं जमवून दे, नाही जमवलीस तर मी दारोदार जाऊन सांगेन. चहा विचारलास तर घेईन, न विचारता हाकललंस तरी सांगूनच परत फिरेन.

जीप आणणार नाही. ती घेऊन आलो तर तुला वाटेल, म्हातारा गाडी दाखवायला आलाय.

कोंडी म्हणते मीही येते, तुळशीची माफी तिला स्वतःला मागायची आहे. का ते बायकांनाच ठाऊक. दोघांना जागा करावी लागेल.

उत्तर पाठवू नकोस. मी वाटेतच असेन.

तुझा अपराधी
ढवळू