भिकाआबांच्या ताब्यातले वायसर

९ ऑक्टो. १९७२, उधना
शेठनी कारखान्यात कापड रंगवायची नवी टाकी आणली. पत्रा इतका पातळ की अंगठा दाबला तर लवतो. त्यातून रबरी नळी आत न्यायची, नळीत उकळता रंग. शेठचं म्हणणं, भोकात रबराचं कडं बसव, झालं. म्हटलं, पत्र्याची धार आठ दिवसांत ते कापील. आटे पाडावेत तर एवढ्याशा पत्र्यात दीड आटाही धरत नाही. शेवटी मधून पोकळ पितळी तुकडा ठरला, त्यातून नळी. आतून रुंद कड, बाहेरून नट, दोन्हीकडे रबरी वायसर, पत्रा मध्ये चेपलेला. पसंती माझी, म्हणजे उद्या शिव्याही मलाच.

११ ऑक्टो.
सुरतेत भागळच्या बाजारात वायसर घेतले. दुकानदार म्हणे, "असली माल छे, भाई." असली म्हणणाऱ्यावर माझा आधी संशय. ताणले, नखाने दाबले, हुंगले. चांगले निघाले. जरा रागच आला.
पुडी भिकाआबांच्या ताब्यात. स्टोअरची चावी त्यांच्याकडे. पारोळ्याकडचे, वडिलांच्या ओळखीचे. मला इथे त्यांनीच चिकटवलं.

१९ ऑक्टो.
दसरा उरकला. हत्यारांची पूजा यंदाही माझ्याकडे, शेठ फक्त नारळ फोडायला. आज नळी बसवली. टाकी चालू. खाली बोट फिरवून पाहिलं, कोरडं.

२८ ऑक्टो.
गळती. उकळता रंग सुपडूच्या पायावर. मशीनवरचा गरीब माणूस, मटकन खाली बसला. मोठे फोड.
वायसर काढले. फुगलेले, लिबलिबीत, एका बाजूने बाहेर आलेले. हे माझे नव्हेत. माझे टणक होते. कोणीतरी बसवायच्या आधीच पुडी बदलली. आणि चावी एकाकडेच.

२९ ऑक्टो.
आबांना आडून विचारलं. आवाज चढला. "मन्हावर इस्वास नही का तुले?" चोराच्या मनात चांदणं. दसऱ्याआधी ते भागळला दिसलेही होते.
ही म्हणाली, "भाजीला गेले असतील." हिला जग भलंच दिसतं.

३१ ऑक्टो.
शेठना सांगितलं. नाव घेतलं नाही. "चावी कोणाकडे असते ते पाहा," एवढंच. एवढं म्हणजे नावच की.
संध्याकाळी आबांना घरी बसवलं. जाताना सगळ्यांना रामराम केला. मलाही.

३ नोव्हें.
जुने वायसर घेऊन दुकानदाराशी भांडायला गेलो. त्याने बोट फिरवलं, वास घेतला. "तेल लगाड्युं?" म्हणे, या रबराला मशीनचं तेल म्हणजे विष. तावातावाने म्हटलं, तेल लावायला मी काय येडा आहे?
उधन्याच्या फाटकाशी पाय थांबले. पूजेला फडक्यावर हत्यारं मांडली होती. नवीन माल पूजेवाचून वापरू नये, म्हणून ती पुडीही आबांकडून मागून घेऊन सोडली. मशीनच्या तेलाचा हात, वर कुंकू. पान्याला, हातोडीला. वायसरनासुद्धा...

६ नोव्हें.
नवा वायसर तीन दिवस तेलाच्या वाटीत ठेवला होता. फुगला. तसाच लिबलिबीत.
स्वतःला फिटर म्हणवतो! सुपडूचा पाय मी भाजला. आबांची नोकरी मी घालवली. लाज वाटते. लिहितानाही वाटते.

८ नोव्हें.
शेठकडे गेलो, सांगायलाच. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तारी नजर पाकी. स्टोरनी चावी हवे तुं राख." चावी पुढे केली.
घेतली. का घेतली?

९ नोव्हें.
डिंडोलीला आबांकडे. वाटलं होतं दारातूनच हाकलतील. पाट दिला, पाणी दिलं. पहिला प्रश्न, "सुपडूना पाय कसा शे?"
म्हटलं, सुकतोय.
मग म्हणाले, "मी लई इचार कया. त्या दुकानदारनीच तुले फसाडं व्हई. भोया शेस तू."
मी भोळा! काकूंनी चहा ठेवला, म्हणून थांबलो. चहा संपला तरी तेलाचं सांगितलं नाही. आबा कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले, माझ्यासाठी दुसरीकडे काम बघ म्हणाले, तुझ्या शब्दाला वजन आहे.
आधी शेठकडे जावं की आबांकडे, ठरत नाही. आख्ख्या उधन्यावर मी संशय घेतला. आबांनी माझ्यावर एकदा तरी घ्यायचा होता.