घरचं पाणी प्यालेला माणूस

आई, मी दादाच्या पायाची पट्टी सोडत होते आणि तो मोबाइल बघत होता. शेवटचा वेढा कातडीला चिकटला होता. कोमट पाणी लावून मी तो सोडवला, थोडा ओढलाही, तरी त्याची मान वर झाली नाही. मोबाइलमध्ये एक नट बोलत होता. साखर हा रोग नाही, ती एक सवय आहे, सुया टोचून सवय जात नाही, असं तो म्हणत होता. आवाज चांगला आहे त्याचा. करंगळीशेजारचं बोट टोकाला काळं पडलं होतं. दुखतंय का, मी विचारलं. "अजाबात न्हाई," दादा म्हणाला, "म्हंजी बरं व्हतंय." वहिनी चुलीपाशी होती. तिची भाकरी करपली.

तू गेल्यानंतर दादानं आपलं औंढं गाव सोडलं. वहिनीच्या माहेरची थोडी जमीन पवनानगरजवळ, धरणाच्या काठाला आहे, तिथं तो बारा तंबू लावून पर्यटकांची सोय करतो. शनिवार-रविवार मीही लोणावळ्याहून येते. तो नट उन्हाळ्यात इथं दोन दिवस राहून गेला. मी तेव्हा नव्हते, पण दादानं मला ते इतक्यांदा सांगितलंय की मला सगळं दिसतं. तो चपला काढून घरात आला. खुर्ची दिली तर जमिनीवर बसला. माठातलं पाणी स्वतः घेऊन प्यायला, वहिनीच्या हातचं माशाचं कालवण मागून घेतलं, आणि जाताना दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की इन्सुलिन बंद करा, जांभळाच्या बियांची पूड घ्या, मी माझ्या वडिलांना तेच देतो. तो लबाडी करत होता असं मला वाटत नाही. माणूस प्रेमळ असावा. त्या दिवसापासून दादानं इन्सुलिन घेतलं नाही. पुढं तंबूची खुंटी पायाला लागली, आणि ती जखम अजून तशीच आहे.

हे त्याला तू शिकवलंस, आई. "ज्यानं आपल्या घरचं पानी पिलं त्याचं ऐकायचं. बाकीचं नुस्तं बोलत्यात." भात लावायला तू ज्यांच्या खाचरात वाकायचीस, ते तुझ्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. तुझा नियम तू तिथून आणला होतास, आणि मी तो कधी हसण्यावारी नेला नाही. तो खराही ठरायचा. आरोग्य केंद्रातली नर्सबाई आठवते का तुला? ती आली की आधी तांब्या मागायची, गटागटा प्यायची, मग चुलीसमोर बसून तुझ्या ठेच्याला नावं ठेवत तोच ठेचा खायची. तिनं पोरांना लस टोचून घे म्हटलं, तू आम्हां दोघांना पुढं केलंस. वस्तीतल्या बायका घाबरल्या होत्या, ताप येतो, पोरं लुळी पडतात असं कुणीतरी सांगितलं होतं. तू विहाराच्या पायरीवर उभी राहून म्हणालीस, "माझी दोन टोचली, काय झालं त्यास्नी? खातायत माझा जीव." दुसऱ्या दिवशी रांग लागली. मी आता कॉलेजात शिकवते, पण माझ्या बोलण्यावर अशी रांग कधी लागलेली नाही.

मग ते तरुण डॉक्टर आले. मी सहावीत होते, गावात काविळीची साथ होती. त्यांनी तुझ्या दंडाला पट्टा बांधला, पुन्हा बांधला, आणि म्हणाले, "मावशी, रक्तदाब फार आहे. रोज एक गोळी घ्यायची, बरं वाटलं तरी सोडायची नाही." तू पितळी तांब्या पुढं केलास. ते "नको मावशी" म्हणाले आणि पुढच्या घरी गेले. तांब्या किती वेळ तुझ्या हातात होता. मग तू शेजारणीला म्हणालीस, "बघितलंस? शिकलेलं हाय, पर घसा तोच. आपलं पानी उतरत न्हाई." बायका हसल्या, तूही हसलीस. मी म्हणाले, "आई, शाळेत पण त्यांनी..." तू मला तिथंच थांबवलंस. "मोठी मान्सं बोलत्यात, मधी तोंड घालायचं न्हाई." गोळ्या तू फडताळामागं खोचून ठेवल्यास. मला नोकरी लागली त्या वर्षी तुझं डावं अंग गेलं, आणि मग चार महिन्यांनी तू.

आज मी जखम धुऊन नवी पट्टी बांधली आणि दादाला म्हटलं, उद्या दवाखान्यात जाऊ.

"तू कालेजात कविता शिकवती. साखरंतलं तुला काय कळतं?"

"आणि त्याला काय कळतं? सिनेमात तरी डॉक्टर झालाय का तो?"

दादानं खरंच विचार केला. "इन्स्पेक्टर झालाय. दोनदा." मग म्हणाला, "दवाखान्यातला डाक्टर मान वर करून बघत न्हाई माझ्याकडं. ह्यो माझ्या घरी जेवला. पानी पिला."

"पानी पिलं म्हणून ऐकायचं," वहिनी चुलीपासून म्हणाली, "तर धरनावर म्हशी बी रोज पित्यात. त्यास्नी इचारा."

तो हसला नाही. तेव्हा मी त्याला सांगितलं. काविळीच्या साथीत ते डॉक्टर संध्याकाळी तुझ्याकडं आले, त्याआधी त्याच दिवशी दुपारी ते शाळेत आले होते. गुरुजी पाटलांच्या घरातले. त्यांनी दिलेला ग्लासही डॉक्टरांनी तसाच ठेवला होता. "साथ आटोपेपर्यंत कुणाकडंच पाणी घेत नाही, पाण्यातूनच पसरतेय ती," असं ते म्हणाले, आणि त्यांच्या पिशवीतल्या बाटलीतलं उकळलेलं पाणी प्यायले. मी पहिल्या बाकावर होते.

दादानं मोबाइल पालथा ठेवला. "मंग तवा का न्हाई बोललीस?"

"आईनं गप म्हटलं म्हणून."

"आन् नंतर? आई हुती की धा-बारा वर्सं."

मी उरलेली पट्टी गुंडाळायला घेतली. "बघू सकाळी," तो म्हणाला, आणि तंबूंचे दोर ताणायला लंगडत गेला.

आई, तू ज्यांच्यावर रागावलीस त्यांच्यावर रागावण्याचा तुला हक्क होता. एवढ्या माणसांनी तुझा तांब्या नाकारला होता की हा एक निराळा आहे हे तुला कुठून कळणार? ते कळलेली वस्तीत मी एकटीच होते. पहिल्या दिवशी मी तुला घाबरून गप्प बसले हे खरं. दुसऱ्या दिवशी मात्र भीती नव्हती. तू बायकांमध्ये बसून तो प्रसंग पुन्हा सांगत होतीस, डॉक्टरांच्या चालण्याची नक्कल करत होतीस, सगळ्या तुझ्याकडं बघत होत्या, आणि तू तेव्हा इतकी छान दिसत होतीस की मला ते मोडायचं नव्हतं. पुढं ते राहूनच गेलं. सांगितलं असतं तरी तू गोळ्या घेतल्या नसत्यास, असं मी स्वतःला सांगत आले आहे. ते खरंही असेल. पण मी ते खरं आहे म्हणून धरून ठेवलेलं नाही, मला ते बरं पडतं म्हणून धरलंय.

हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही. दादालाही नाही.

हे दुसऱ्या रात्री लिहितेय. सकाळी सातच्या जीपनं आम्ही कामशेतला आणि तिथून तळेगावच्या दवाखान्यात गेलो. बोट काढावं लागेल, पाऊल वाचेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. दादानं सही केली.