ताईच्या कॉलमातल्या रिंगा

४ फेब्रुवारी
ताईच्या घराच्या रिंगा झाल्या एकदाच्या. सळई वाकवून वाकवून मनगट सुजलंय. कॉलमला बीम जिथं मिळतो त्या सांध्याच्या रिंगा निळा रंग मारून वेगळ्या बांधल्या. त्या आधी कॉलममध्ये ओवाव्या लागतात. बीमची सळई पडली की बोंबला, मग आत जात नाहीत. रावसाहेबला बजावलं तर हसला. "मला शिकवतो व्हय?" बरोबरच आहे. मिसरूड फुटल्यापासून जोडीनं हेच करतोय.

५ फेब्रु.
सासूबाई आजारी. अकोल्याला निघालो. मी आल्याशिवाय स्लॅब भरायचा नाही, ताईनं शब्द दिलाय.

११ फेब्रु.
सुप्याला उतरलो तो थेट ताईकडे. स्लॅब भरून मोकळे! ताईनं बुंदी पुढे केली. म्हणे, "पाव्हनं बोलावून बसले हुते. मिक्सरवाला परत कधी येनार?" बरं. हात धुवायला मागं गेलो तर वाळूत काहीतरी निळं. पायानं उकरलं. सगळी जुडी. तारसुद्धा सोडलेली नाही.

१२ फेब्रु.
रावसाहेबला गाठलं. आधी म्हणाला, जादा झाल्या असतील. मग खरं बोलला. घाईत बीम आधी बांधले, रिंगा राहिल्या. "उकलायचं म्हंजी दिवस गेला असता. आता काँक्रीटमधी कोन बघतंय?" हाच माणूस दुसऱ्याच्या साइटवर सांध्यात रिंग दिसली नाही तर शिव्या घालायचा. जमीन हलली तर पहिला सांधाच जातो, हे मला सांगणारा हाच. उठता उठता म्हणाला, "ताईला इचार. तिला म्हाईत हाय."
खोटं बोलत असणार.

१३ फेब्रु.
विचारलं. ताई भाकरी थापत होती, हात थांबला नाही. "मीच म्हनले भरून टाका. तू असतास तर समदं उकलायला लावलं असतंस. वाळूत बी मीच टाकायला लावल्या. तुला कशाला उगं घोर?"
रा. शेवटी परका. ताईनं मला कडेवर वागवलंय. जेवलो नाही. तिनं आग्रहही केला नाही, तेच जास्त लागलं.

१९ फेब्रु.
ताईला फोन केला. इंजिनियरला दाखवू, सांधे बाहेरून बांधून घेता येतात, तोवर वर मजला चढवू नको. "भरल्या घराला छिन्नी लावायला सांगतूस?" ठेवला तिनं फोन.

२ मार्च
ताई गावभर सांगतेय म्हणे, घर माझ्या भावानं नजरेखालून घातलंय. माझं नाव! मला न विचारता. वरच्या मजल्याच्या सळया उतरल्यात, रा. तयारच बसलाय.
संध्याकाळी भाच्याचा फोन. लग्न ठरलंय त्याचं, वरची खोली त्याची. "मामा, आई म्हनती तुमी हो म्हनले की उद्या काम सुरू. म्हनू ना हो?"
म्हटलं, आईला दे. तिनं घेतला. हळू म्हणाली, "बोल की. पोरगं ऐकतंय."