खात्रीचा नमुना

४ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, म्हणजे तू मजेत आहेस असं मी धरून चालले आहे. काही दुखलं-खुपलं की ताई बरोबर आठवते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

इकडची मोठी बातमी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. आत घेताना दाराची चौकट काढावी लागली. त्याला गारवा लागतो म्हणून खोली इतकी थंड ठेवलीय की आम्ही सगळ्या शाली पांघरून काम करतो आणि साहेब कानटोपी घालून हिंडतात. जुनं यंत्र मधाचं एक एकूण चित्र काढायचं आणि आम्ही ते खात्रीच्या मधाच्या चित्राशी ताडून बघायचो. नवं यंत्र मधातला एकेक पदार्थ त्याच्या वजनावरून वेगळा ओळखतं. मधात तांदळाचा पाक मिसळला, तर पाकाबरोबर येणारा एक पदार्थ खऱ्या मधात कधीच नसतो. तो नावाला जरी असला, तरी याला सापडतो.

आपल्या डोंगरावरच्या मधाचा खात्रीचा नमुना म्हणजे तुझ्याच बाटल्या, हे तुला माहीत आहे. तेव्हा यंदाची बाटली लवकर पाठव. आळस करू नकोस.

मामांचं मात्र माझ्या मनातून जात नाही. ज्यांनी आई-बाबांमागे आपल्याला वाढवलं, तुला मधमाश्या हाताळायला शिकवलं, त्यांचाच मध गेल्या हंगामात तुझ्या मधाशी जुळला नाही. भेसळीचा संशय, असा शेरा मीच सही करून दिला आणि व्यापाऱ्याने त्यांचा सगळा माल परत केला. मामा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. तू जाऊन येतोस ना त्यांच्याकडे? कसे आहेत ते कळव.

वहिनीला आशीर्वाद. माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.
तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. साहेबांच्या कानटोपीवर आम्ही दोघं पोट धरून हसलो. ही म्हणते, वन्सं आता यंत्राला अंगाईसुद्धा गात असतील.

बाटलीचं म्हणशील, तर यंदा हंगाम अगदीच बेताचा. पोळ्यांत फारसं काही नाही, त्यामुळे इतक्यात जमेलसं दिसत नाही. आणि माझ्या जुन्या बाटल्या नव्या यंत्राला दाखवण्याच्या फंदात पडू नकोस. ठेवून ठेवून मध बदलतो, असं तूच सांगायचीस.

मामा बरे आहेत. त्यांनी आपल्या मधमाश्यांच्या सगळ्या पेट्या मला देऊन टाकल्या. मी नको नको म्हणत होतो, पण ऐकेनात. फुलं नसतात तेव्हा माश्यांना जगवायला साखरपाणी ठेवतात, ते आपल्याच हातून नको तेव्हा ठेवलं गेलं असणार आणि मधात उतरलं असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलंय. लेकीची प्रयोगशाळा चुकायची नाही म्हणाले. आता वय झालं, थोडा आराम करू दे. तूही जिवाला लावून घेऊ नकोस.

तब्येत सांभाळ. लोभ आहे तसा राहू द्यावा, वाढला तर उत्तमच.
तुझा,
भुंग्या

१ मार्च

चि. भुंग्यास,
आशीर्वाद.

पत्र कसं सुरू करावं तेच कळत नाही.

तू नको म्हणालास, पण नव्या यंत्रावर कामाला लागायचं तर आधी खात्रीचा नमुना घालावा लागतो. फ्रिजमध्ये तुझ्या सीलबंद बाटल्या होत्या. पहिली घातली आणि पडद्यावर पाकाची खूण उभी राहिली. मला वाटलं यंत्रच अस्वच्छ आहे. सगळ्या नळ्या धुतल्या, नुसतं पाणी घालून पाहिलं. पाणी स्वच्छ. तुझी दुसरी बाटली घातली, मग त्याआधीच्या वर्षाची. सगळ्यांत तेच. आणि मध जुना झाला म्हणून त्यात तांदळाचा पाक तयार होत नाही रे.

मग कपाटातून मामांची नापास केलेली बाटली काढली. त्यांच्या मधात त्या खुणेचा मागमूस नाही. खरा मध मी खोट्याशी ताडून पाहिला आणि खऱ्याला खोटं ठरवलं. मी तिथेच रडायला लागले. बाजूच्या मुलीला थंडीने डोळ्यांत पाणी आलं असं सांगितलं.

खात्रीचा नमुना प्रयोगशाळेच्या माणसाने समोर पोळं कापून घ्यायचा, असा आमचा नियम आहे. बाकी सगळ्यांचा मी तसाच घेतला. तुझ्या बाटल्या तेवढ्या तू घरी आणून देशील तशा घेत गेले. सख्ख्या भावाच्या दारात संशय घेऊन उभं राहायची मला लाज वाटली.

कुणी तुला फसवलं, तुझ्या बाटल्या बदलल्या, असं काही असेल तर सांग. मी लगेच विश्वास ठेवीन, ठेवायलाच बसले आहे. पण एका प्रश्नाचं खरं उत्तर दे. मामा पेट्या देत होते तेव्हा तुला हे माहीत होतं का?

उत्तराची वाट पाहते.
ताई

१० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

हो, माहीत होतं.

लागोपाठ दोन हंगाम फुलोरा गेला. माल देतो म्हणून शब्द देऊन बसलो होतो. सगळेच थोडं थोडं मिसळतात, तसं मीही केलं. तुला पहिली बाटली दिली ती तू चहात घालशील म्हणून. तिचा नमुना करून फ्रिजमध्ये ठेवशील, हे मला काय ठाऊक? मग माझा मध सगळ्यांत खरा असं तू चारचौघांत सांगत सुटलीस. तेव्हा मी बोललो असतो तर तुझंच हसं झालं असतं. पुढच्या बाटल्याही मग आधीसारख्याच द्याव्या लागल्या, नाहीतर त्या पहिलीशी जुळल्या नसत्या.

मामांचा मध नापास झाला तेव्हा मी त्यांना सांगायला गेलो होतो, तुझी शपथ. ओसरीवर बसलो, पाणी प्यायलो. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनीच पेट्यांचं काढलं. त्यांच्या माश्या किती गुणी आहेत ते तुला माहीत आहे. खोटं कशाला बोलू, माझा हात आपणहून पुढे झाला.

आता हात जोडून सांगतो, यंत्र नवीन आहे, अजून नीट बसलेलं नाही, असं लिहून मोकळी हो. कुणाला कळणार आहे? मामांचं मी बघतो. त्यांना काही कमी पडू देणार नाही. तू हे वर कळवलंस, तर बाजारात मला कोणी उभं करणार नाही. मी तुझा भाऊ आहे ताई, तुझा नमुना नाही. लहानपणी माझ्या सगळ्या खोड्या पोटात घातल्यास, एवढी एक घाल.

नाही जमलं, तर मला पुन्हा पत्र पाठवू नकोस.
भुंग्या

२८ मार्च

चि. मोठीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, त्यामागोमाग तुमच्या साहेबांचंही. तू सगळं वर कळवलंस, चूक माझी म्हणून खाली सही केलीस आणि माझ्यावरचा शेरा रद्द झाला, असं त्यात आहे. तुझी बदली कागदपत्रांच्या खोलीत झाल्याचंही समजलं. मामीने दोन्ही पत्रं मोठ्याने वाचून दाखवली आणि मग भाजी करपेपर्यंत चुलीशी नुसती बसून राहिली.

पेट्या परत आल्या. टेम्पोवाल्याने फाटकाशी उतरवल्या. भुंग्या गाडीतच बसून होता, आत आला नाही. मी एकेक पेटी उघडून पाहिली. निम्म्या पेट्या रिकाम्या आहेत. त्याने त्यांना नीट राखलं नाही की माश्याच कंटाळून गेल्या, देव जाणे.

तू माफी मागितली आहेस, तेव्हा एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. तुझा तो शेरा आला त्याच आठवड्यात मी भुंग्याकडे गेलो होतो. सुनेने पोळीबरोबर त्यांचा मध वाढला. पहिल्याच घासाला कळलं की हा मध नव्हे. जन्म माश्यांत गेला माझा, मला कळणार नाही तर कुणाला? पण घरी येताना वाटेत विचार केला. मोठी इतकं शिकली, तिच्यापाशी एवढी यंत्रं, ती भुंग्याचा मध खरा म्हणते, तर माझी जीभच गेली असणार. तेव्हापासून आमटीत मीठ बरोबर आहे का, हेसुद्धा मी मामीला विचारत आलो. पेट्या दिल्या त्या दमलो म्हणून नव्हे. चव न कळणाऱ्या माणसाने मध कशाला काढावा, म्हणून दिल्या.

भुंग्याने मला फसवलं, ते कधीतरी विसरेन. पोर लबाड आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं. तू लबाड नाहीस. म्हणून तर मी स्वतःला सोडून तुझं ऐकलं.

पेट्यांत थोडा मध आहे. नवा नमुना हवा असेल तर तुमच्या ऑफिसातलं कुणीही पाठव, मी समोर पोळं कापून देईन. तू मात्र इतक्यात येऊ नकोस. मामी तुझी वाट बघते, तिला मी काहीतरी सांगेन.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. माझा लोभ आहेच. काही केल्या तो जात नाही, हाच त्रास आहे.
मामा