गोदामावशीची साखर

६ फेब्रु. ९६
विमा एजंटचं लायसन्स आलं. माझ्या नावाचं. हे कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून येताना पेढे घेऊन आले, पांडेसरातल्या आमच्या अख्ख्या चाळीत वाटले. आता पहिली पॉलिसी. कोण घेणार ठाऊक नाही, पण कुणीतरी घेणारच.

९ फेब्रु.
गिऱ्हाईक चालत आलं. गोदामावशी. यंत्रमागावरच्या लूमवाल्यांची खानावळ चालवते ती, बीडकडची. नवरा वारला, लेक मंदा नववीत. स्वतःचा विमा हवा, वारस मंदा. फॉर्म भरायला घेतला. आजारांच्या प्रश्नावर आले तर म्हणाली, साखर आहे, गोळी चालू आहे. पेन तिथंच थांबलं. आधी विमा ऑफिसातल्या साहेबांना विचारते म्हटलं.

१० फेब्रु.
साहेब गुजरातीत म्हणाले, "बेन, ए लखवानी जरूर नथी." म्हणजे ते लिहायची गरज नाही. लिहिलं तर प्रकरण वरच्या ऑफिसात जाणार, कदाचित नाकारतीलही. पहिलीच पॉलिसी, कशाला अडकवता.
मावशीला तसंच जाऊन सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. सांगायला लागली, तिच्या नवऱ्याला दमा होता, त्या वेळच्या एजंटानं लिहिलाच नाही. तो गेल्यावर कंपनीनं आजार लपवला म्हणून दावा फेटाळला. लहानग्या मंदाला कडेवर घेऊन हिनं किती हेलपाटे घातले. मग म्हणाली, "लिही बाई सगळं. मी गेल्यावर माझी लेक कुणाच्या दारात उभी ऱ्हाईल?"
लिहिलं. ठळक अक्षरात. इतकं हलकं वाटलं की घरी जवळजवळ पळतच आले.

१४ फेब्रु.
कंपनीच्या डॉक्टरांकडे तपासणी. मावशी नवं लुगडं नेसून. डॉक्टरांनी साखरेचं विचारलं, हिनं लहानपणची कावीळ, बाळंतपण, पोळलेला हात, पडलेली दाढ, सगळं सांगितलं. डॉक्टर हसून म्हणाले, दाढ नको लिहायला. मावशी म्हणाली, "लिहा, उद्या तेच काढतील." ऑफिसात सांगितलं तर साहेबांचं तोंड मात्र एवढंसं.

२ मार्च
वरून पत्र. नकार नाही! उपाशीपोटीच्या रक्ताचा आणखी एक रिपोर्ट मागितलाय. साहेब म्हणतात, पॉलिसी मंजूर केलीच तर हप्ता वाढवतील. मावशीला सांगितलं. म्हणाली, वाढवू देत, पण माझी साखर त्यांच्या कागदावर ऱ्हाऊ दे. ह्यांना दोनदा वाचून दाखवलं पत्र. हे म्हणाले, जेवू दे आता.

११ मार्च
रिपोर्ट पाठवला. साखर थोडी जास्तच निघाली. उत्तर नाही. पण खानावळीत आता जेवणापेक्षा विम्याच्याच गप्पा. मंदा सगळ्यांना समजावून सांगते, माझ्यापेक्षा बरी. आज हात धुताना बापू लूमवाला हळूच जवळ आला. धिप्पाड माणूस, कधी कुणाशी बोलत नाही. गावी असताना टीबी झालेला, औषध पुरं केलं, इथं कुणालाच माहीत नाही. दोन लहान मुलं आहेत. फॉर्म देऊ का विचारलं.
"मावशीचं काय होतं ते बघू दे ताई. तिला दिलं, तर मी पण खरं सांगीन."
झोप कसली येतेय. मावशीचं उत्तर आलंय का बघायला उद्या ऑफिस उघडायच्या आधीच दारात जाऊन बसणार आहे.